रंग सगळ्यात शेवटी: कोकणातलं घर विकण्याआधी करायची पाण्याची कामं

देवगड तालुक्यातलं मावशीचं घर विकायचं ठरलं, तेव्हा जे काम सगळ्यात शेवटी करायचं ते आम्ही भावंडांनी सगळ्यात आधी केलं. रंग काढला. एप्रिलात माजघर पांढरं, ओटी फिकट पिवळी. मे महिन्यात ठाण्याहून एक जोडपं घर बघून गेलं. त्यांना आवडलं, पुढच्या खेपेला विसार देतो म्हणाले. पुढची खेप झाली ती मृगाचा पाऊस लागून दहा दिवस झाल्यावर. तोवर माजघराच्या भिंतीला फोड आले होते. बाईंनी एका फोडावर नुसतं बोट टेकवलं आणि रुपयाएवढी पापडी खाली पडली. आत काळपट ओल. त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. गाडीत बसताना तेवढं विचारलं, "अजून काय काय रंगवलंय?"

त्या वर्षी घर विकलं गेलं नाही. पुढे आमच्या गवंड्याने ती भिंत बघितली आणि म्हणाला, "रंग मगे काढतलात. पाणी खयसून येता तां आधी बगा." पुढचं दीड वर्ष आम्ही तेच केलं. बहुतेक कामं किरकोळ निघाली. काही आम्ही स्वतः केली, काही करून घेतली, एक-दोन गोष्टी मात्र दुरुस्त न करता गिऱ्हाइकाला सरळ सांगून टाकल्या. ज्या क्रमाने हे करायला हवं होतं त्या क्रमाने लिहितो.

पायरी १: वही, पेन्सिल, बॅटरी घेऊन दोनदा फिरा

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर पावसाच्या चार महिन्यांत साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. १०० चौरस मीटर छपराचं घर असेल, तर दर पावसाळ्यात त्या छपरावरून तीन लाख लिटर पाणी वाहून जातं. त्यातलं हजारात एक लिटर जरी आत शिरलं तरी माजघरात ३०० लिटर आले. म्हणून कोकणातल्या घराची एक तपासणी आषाढात व्हायला हवी आणि दुसरी वैशाखात. आषाढात वरून येणारं पाणी कळतं आणि वैशाखात विहिरीत नसलेलं.

आषाढातल्या फेरीत ओल जिथवर आली असेल तिथे पेन्सिलने कड आखा आणि शेजारी तारीख लिहा. आठ दिवसांनी पुन्हा बघा. वर्षभरात हाती आलेली सगळ्यात उपयोगी माहिती आम्हाला या पेन्सिलच्या रेघांनी दिली. घर बंद असेल आणि तुम्ही मुंबईत, तर शेजाऱ्यांना फोटो पाठवायला सांगा, पण फोटोत भिंतीचा खालचा आणि वरचा दोन्ही कोपरे यायला हवेत. कारण ओल कुठल्या उंचीवर आहे यावरूनच ती कुठून आली ते कळतं.

जमिनीपासून सुरू होऊन दोन-तीन फुटांवर थांबणारा पट्टा असेल, तर पाणी खालून चढतंय. भिंतीच्या माथ्यापासून खाली ओघळ असेल, तर कौल, पन्हळ किंवा स्लॅब. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत असेल, तर झडीचा पाऊस. आणि भर मे महिन्यातही ओली राहणारी जागा पावसाची नसते. तिथे पाइप आहे, नाहीतर पलीकडे न्हाणीघर.

तरीही शंका राहिली तर भिंतीवर वीतभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. कागदाच्या आतल्या बाजूला दव जमलं तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमलं तर ते हवेतलं आहे. बंद घरात हे सर्रास होतं, आणि त्यावर खिडक्या उघड्या ठेवणं हाच इलाज.

पायरी २: नळ आणि पाइप

इथे खर्च कमी आणि परिणाम लगेच दिसतो. घर बघायला आलेला माणूस मोरीतला नळ उघडतो आणि बंद करतो. बंद केल्यावर तो ठिबकत राहिला तर त्या आवाजात पुढचं सगळं बोलणं बुडतं.

आधी गळती आहे का ते मोजा. नळयोजनेचं मीटर असेल तर घरातले सगळे नळ बंद करून आकडा लिहा आणि दोन तासांनी पुन्हा बघा. आमच्यासारखं विहीर, पंप, टाकी असं असेल तर रात्री टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करून झोपा. हजार लिटरच्या साध्या गोल टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे साधारण नऊ लिटर गेले. दुसऱ्या रात्री टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून तेच करा. तरीही पातळी उतरली तर दोष टाकीत किंवा तिच्या जोडात, नाही उतरली तर पुढच्या पाइपात. मग एकेक व्हॉल्व्ह बंद करत जायचं. घाई केलीत तर फुकट फरशा फोडाल.

ठिबकणाऱ्या नळाखाली तांब्या ठेवा. तासात पाव लिटर भरला तर दिवसाचे सहा लिटर आणि महिन्याचे १८०. जुन्या फिरकीच्या नळात बहुतेकदा वायसर गेलेला असतो. व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडा आणि पाइपातलं पाणी काढून टाका. मुठीवरची टोपी चाकूच्या टोकाने काढा, आतला स्क्रू सोडवा. मग नळाच्या गळ्यावर फडकं गुंडाळून त्यावर पाना लावा. फडकं नसेल तर पॉलिशवर ओरखडे येतात आणि नवा वायसर घातलेला नळसुद्धा जुना दिसतो. स्पिंडल, म्हणजे आतली दांडी, बाहेर आली की तिच्या टोकाला काळं रबर असतं. आमच्याकडच्याच्या मधोमध गोल खड्डा पडला होता, उंदराने कुरतडल्यासारखा. जुना वायसर खिशात टाकून दुकानात न्यायचा, मापावर विश्वास ठेवायचा नाही. वडापावच्या किमतीत नवा मिळतो.

नवा बसवण्याआधी करंगळी आत घालून, वायसर जिथे टेकतो ती पितळी बैठक चाचपा. तिथे नखाला खाच लागली तर नवा वायसर महिन्याभरात पुन्हा कापला जाणार, म्हणून नळच बदला. पाव फेरीत उघडणाऱ्या नव्या नळांना वायसर नसतो, आत चकत्यांचं कार्ट्रिज असतं. तेही नमुना घेऊन जाऊनच आणावं.

नवा नळ बसवताना टेफ्लॉन टेप उलटी गुंडाळण्याची चूक सगळे करतात, मीही केली. नळाचे आटे आपल्या तोंडासमोर धरा आणि घड्याळाचे काटे फिरतात त्या दिशेने टेप ताणून गुंडाळा, आठ-दहा वेढे. उलटी गुंडाळली तर नळ पिळताना ती सुटून गोळा होते.

उघड्यावरचा पांढरा पाइप उन्हाने कडक होतो आणि फांदीचा नुसता धक्का लागला तरी तडकतो. त्यावर चिकटपट्टी किंवा एम-सीलचा लेप गिऱ्हाइकाला लांबूनच दिसतो. तेवढा तुकडा कापून नवा जोडा. थंड पाण्याच्या पांढऱ्या पाइपाचं सोल्यूशन वेगळं, गरम पाण्याच्या पिवळट पाइपाचं वेगळं, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. जोड दिल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ पुरा होईपर्यंत पाणी सोडू नका. लोखंडी पाइप खाऱ्या वाऱ्याने बाहेरून पापुद्रे सोडायला लागला असेल, तर तो आतूनही गेलेला असतो. त्याला डागडुजी नाही.

संडासाच्या फ्लशची टाकी गुपचूप गळते. टाकीत कपड्यांची नीळ चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळं उतरलं तर खालचं रबरी सील बदला. त्याआधी सील एकदा धुऊन बघा, कोकणात निम्म्या वेळा तिथे फक्त तांबूस गाळ अडकलेला असतो.

तोच गाळ नळाच्या तोंडच्या जाळीत आणि शॉवरमध्ये असतो. जांभ्यातून, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडातून, झिरपलेल्या पाण्यात लोह असतं, त्याचे हे डाग. जाळी काढून रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. फरशीवरच्या तांबड्या डागांनाही तेच. ब्लीचिंग पावडर या डागांवर वापरू नका, त्याने डाग उलट पक्के होतात. आणि ब्लीचिंग आणि कुठलंही ॲसिड एकत्र तर कधीच नाही, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. फरशीच्या ॲसिडने डाग निघतात हे खरं, पण फरशांच्या सांध्यातलं सिमेंटही निघतं आणि मग पायरी ५ दुप्पट महाग होते.

पायरी ३: छप्पर

कौलारू घराची शाकारणी मे महिन्यात, पहिल्या वळवाच्या आधी. वानरांनी उड्या मारून सरकवलेली कौलं, झावळी पडून तडकलेली कौलं, कुजलेली रीप. घरात दिवसा अंधार करून वर बघितलं की उजेडाचे ठिपके दिसतात, तिथे खालून खडूने वाशावर खूण करायची. वर चढणाऱ्याला मग शोधावं लागत नाही. जुन्या मंगलोरी कौलांचं माप नव्याशी जुळेलच असं नाही, म्हणून मागीलदारी रचून ठेवलेली जुनी कौलं टाकू नका. घर विकताना त्यातली पन्नास-शंभर शिल्लक दाखवलीत तर जाणकार गिऱ्हाईक खूश होतं.

माथ्यावरच्या कोनाच्या कौलांचं सिमेंट आणि दोन छपरांच्या खाचेतली पत्र्याची पन्हळ, खरी गळती या दोन ठिकाणी. पन्हळीत आंब्याची पानं कुजून बांध झाला की पाणी पत्र्याच्या कडेवरून आत उतरतं, आणि घरमालक वर्षानुवर्षं कौलांना दोष देत राहतो. मावशीच्या माजघराच्या त्या फोडांतला अर्धा दोष या एका पन्हळीचा निघाला. हाताने पाने काढली, आणि त्या कोपऱ्यातली पेन्सिलची रेघ पुढच्या आठवड्यात जागची हलली नाही.

स्लॅबच्या घरात आधी पाणी वाहून जायची तोंडं साफ करा, मगच कुठलं रसायन घ्यायचं त्याचा विचार. गळती नक्की स्लॅबमधूनच आहे का हे बघायला तोंडं बंद करून दोन इंच पाणी चोवीस तास साठवतात. पण दहा बाय दहाच्या जागेत तेवढं पाणी म्हणजे जवळपास पावणेपाचशे किलो वजन. स्लॅबची खालची बाजू फुगलेली किंवा सळी उघडी असेल तर हा प्रयोग करू नका. स्लॅबवर पत्र्याची शेड असेल तर बोल्टखालचे रबरी वायसर बघा, ते उन्हाने चिरतात. बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर हवेत, खाचेत मारलेले असतील तर तिथून गळणारच.

पायरी ४: भिंतीतली ओल

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा थांबून सांगतो.

जांभ्याचा चिरा स्पंजासारखा असतो. हातात घेऊन बघितलात तर भोकं दिसतात. पाण्यात ठेवला तर पितो, उन्हात ठेवला तर सोडतो. जुनी माणसं हे ओळखून जोतं उंच घेत, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील इतकी वळचण बाहेर काढत आणि पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात झावळ्यांचे झाप बांधत. आपण वळचण कापून खिडकीला ग्रिल लावलं, झाप काढून टाकले आणि अंगणात दर वर्षी मातीचा नवा थर चोपला. मावशीच्या घरी मागीलदारी खणून बघितलं तेव्हा जोत्याचे दीड फूट चिरे जमिनीखाली गेलेले होते. चाळीस वर्षं अंगण वर चढत होतं आणि भिंत पाणी पीत होती.

म्हणून आतल्या भिंतीला हात लावण्याआधी बाहेर जा. जोत्याला टेकलेली माती मूळ पातळीपर्यंत काढा. भिंतीपासून तीन-चार फूट उतार बाहेरच्या बाजूला द्या आणि पागोळ्यांचं पाणी पडतं तिथे चर काढून ते पऱ्याला (ओढ्याला) किंवा बागेकडे न्या. भिंतीला खेटून जास्वंद, अळू असेल तर हलवा. जोत्याच्या चिऱ्यांमधल्या मोकळ्या दरजा खरवडून नव्याने भरा. दोन गड्यांचं तीन दिवसांचं काम झालं आणि पुढच्या आषाढात माजघरातली ओल गुडघ्यावरून घोट्यावर आली. बाटलीतल्या कुठल्याही रसायनाने तेवढं केलं नसतं.

झडीच्या पावसासाठी खिडकीवरच्या छज्ज्याच्या खालच्या बाजूला, बाहेरच्या कडेपासून दोन बोटं आत, बोटभर रुंद खाच असावी लागते. छज्ज्यावरून आलेलं पाणी त्या खाचेशी तुटून खाली पडतं. ती नसेल तर पाणी छज्ज्याला खालून चिकटून भिंतीपर्यंत जातं आणि चौकटीच्या फटीतून आत. खाच बुजलेली असेल तर मोकळी करून घ्या.

आता आतली बाजू. सुटलेला गिलावा पोकळ वाजतो. बोटाने ठोकत जा आणि पोकळ भागाच्या पुढे एक फूटपर्यंत काढा. भिंतीवर पांढरी पूड, म्हणजे लोणा, दिसेल. ती कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरून बाहेर टाका. पाण्याने धुतलीत तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. मग भिंत तशीच उघडी ठेवा. दसऱ्याला उघडलेली भिंत आम्ही माघापर्यंत ठेवली. आलेगेले विचारायचे, "अर्धं सोडलंत काय?" सोडायचंच असतं.

नव्या गिलाव्याला खाडीच्या तोंडची रेती चालत नाही. मिठाची रेती हवेतली ओल ओढते आणि कोरड्या भिंतीलाही घाम फोडते. जुनं काम चुन्याचं असेल आणि चुन्यात काम करणारा गवंडी मिळत असेल तर चुनाच करा, भिंतीला श्वास मिळतो. सिमेंट केलंत तर सात दिवस पाणी मारा आणि त्यानंतर रंगाआधी निदान चार आठवडे थांबा.

ओल्या भिंतीवर प्लास्टिकच्या पट्ट्या किंवा लाकडी पॅनल ठोकून देणारे कारागीर हल्ली गावोगाव आहेत. दिसायला छान असतं. पण पॅनल दिसलं की आजचं गिऱ्हाईक त्यावर टकटक करून बघतं.

पायरी ५: न्हाणीघर, मोरी, वास

बंद घरात शिरल्यावर येणारा गटाराचा वास बहुतेक वेळा कुठल्याही बिघाडाचा नसतो. नाहणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्यात, साचलेलं पाणी आतला वायू अडवतं, आणि घर दोन-तीन महिने बंद राहिलं की ते सुकतं. दर नाहणीत बादलीभर पाणी ओता. पुन्हा बरेच दिवस घर बंद राहणार असेल तर वरून चमचाभर गोडेतेल सोडा, पाणी उशिरा उडतं. गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या दिवशी हे शेजाऱ्यांकडून करून घ्यायचं, तेवढा एक फोन.

पाणी तुंबत असेल तर ट्रॅपची जाळी काढून हाताने केस आणि साबणाचा गोळा काढा. रासायनिक पावडर नंतर, आणि सेप्टिक टँक असेल तर शक्यतो नकोच. फरशांचे सांधे उघडे पडले असतील तर जुनं पांढरं सिमेंट खरवडून, सुकवून मग इपॉक्सी भरा. कमोडच्या आणि बेसिनच्या कडेचं काळं पडलेलं सिलिकॉन पूर्ण काढून नवं लावा. जुन्यावर नवं धरत नाही. हे एका सकाळचं काम आहे आणि न्हाणीघर पाच वर्षं तरुण दिसतं.

गिझर किंवा पंपाच्या जवळच्या ओल्या भिंतीला हात लावताना झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. हे काम विक्रीसाठी म्हणून थांबवायचं नसतं, त्याच दिवशी करायचं.

पायरी ६: विहीर, पंप, टाकी

मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक समुद्र किती जवळ ते विचारतं, पण घरचं कुणी जाणतं माणूस बरोबर असेल तर ते विहिरीत डोकावतं. त्याचा प्रश्न एकच असतो, "मेअखेर किती पाणी राहतं?" याला "भरपूर" हे उत्तर नाही. वैशाखात दोर सोडून पाण्याची खोली मोजा, दर आठवड्याला, तारखेसकट वहीत. सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, कुशीतल्या कितीतरी विहिरी मार्गशीर्षापर्यंत काठोकाठ असतात आणि एप्रिलात तळ दाखवतात. पाणी कमी असेल तर तसं सांगा, टँकर किती वेळा लागतो तेही सांगा.

गाळ मे महिन्यातच उपसायचा, पाणी सगळ्यात कमी तेव्हा. खोल विहिरीत उतरण्याआधी आत पेटता कंदील सोडून बघतात. तो विझला तर उतरायचं नाहीच, पण तो जळत राहिला म्हणून सगळे वायू नाहीत असंही नाही. म्हणून हे काम सवयीच्या माणसांचं, कमरेला दोर आणि वर दोन माणसं. काठाच्या फटी भरा, रोपं उपटा, कठड्याभोवती बाहेर उतार असलेला धक्का करा, म्हणजे धुण्याचं पाणी परत आत झिरपणार नाही. शोषखड्डा विहिरीपासून पन्नास फुटांच्या आत असेल तर ते किरकोळ दुरुस्तीत बसत नाही, तो प्रश्न वेगळा लिहून ठेवा.

गाळ काढून पाणी निवळलं की टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. माप असं: व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि मग ०.७८५ ने गुणा, पुन्हा हजाराने गुणलं की लिटर. अडीच मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी म्हणजे साधारण १४,७०० लिटर. चांगल्या ताज्या पावडरीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे सुमारे ३७ ग्रॅम. नाकाला फडकं बांधून पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली पाऊण भरा आणि दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोराने पाण्याखाली सोडा आणि वरखाली हलवा. चुन्याचा साका विहिरीत टाकायचा नाही. संध्याकाळी करा, रात्रभर पाणी काढू नका.

त्यानंतर काही दिवसांनी पाण्याची तपासणी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत होते, ग्रामपंचायतीत विचारलं की नमुना कसा भरायचा ते सांगतात. आयएस १०५०० या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत. क्लोराइडची तशीच २५० आणि १,०००. खाडीजवळच्या विहिरीचा नमुना मे महिन्यातला घ्या. गोडं पाणी उपसून कमी झालं की खारं पाणी आत सरकतं, म्हणून श्रावणातला अहवाल गोड आणि वैशाखातला चहा मचूळ असं होऊ शकतं. बाजारातल्या पेनासारख्या मीटरने क्षार कळतात, जंतू कळत नाहीत.

पंप दर वेळी पाणी ओतून सुरू करावा लागत असेल तर फूट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाइपाच्या विहिरीतल्या टोकाच्या झडपेत, काडी किंवा खडा अडकलाय. वर काढून धुवा, नाही जमलं तर बदला. टाकीचं पाणी भिंतीवरून ओघळून हिरवा पट्टा उमटला असेल तर बॉलकॉकचा, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या नळाचा, गोळा बघा, त्यात पाणी शिरलेलं असतं. आधी तो बदला, मग टाकीतला गाळ धुवा, मग पट्टा घासा. हिरवा पट्टा गिऱ्हाइकाला रस्त्यावरून दिसतो.

फ्लॅट असेल तर

रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडी, अलिबागच्या फ्लॅटमध्ये अर्ध्या गळत्या तुमच्या नसतातच. गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपातून येणारं पाणी सोसायटीने दुरुस्त करायचं असतं. वरच्या घराच्या न्हाणीघरातून येणारं त्या-त्या घरमालकांनी. सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ताबा घेऊन पाच वर्षं झाली नसतील तर रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या (२०१६) कलम १४ प्रमाणे बांधकामातले दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचे असतात. तेव्हा स्वतःच्या खिशातून भिंत रंगवण्याआधी त्याला लेखी कळवा. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी शिरलेलं घर असेल तर पाणी कुठवर आलं होतं ती उंची सांगून टाका. शेजारी सांगणारच आहेत.

जे किरकोळ नाही

स्लॅबच्या खालून सळीच्या रेषेत पडलेले तडे आणि गंजाचे डाग, पावसाबरोबर रुंदावणारी भिंतीतली तिरकी चीर, बसलेलं जोतं, वाळवीने पोकळ झालेला वासा. यावर पुट्टी मारू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, अंदाज लेखी घ्या आणि मग ठरवा: दुरुस्त करायचं की तेवढी किंमत कमी करून तसंच द्यायचं. आम्ही गोठ्याकडच्या भिंतीबाबत दुसरं केलं.

कायदाही इथे स्पष्ट आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५: विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगायचा असतो. पॅनलमागची ओल याच्यात सहज बसू शकते.

रंग आणि कागद

आता रंग. माघ-फाल्गुनात, भिंत हाताला कोरडी आणि कोमट लागते तेव्हा. एक भिंत न रंगवता ठेवली तरी चालते. आम्ही माजघराची ती भिंत फक्त चुन्याने पांढरी केली, पेन्सिलच्या रेघांचे फोटो प्रिंट काढून वहीत चिकटवले, आणि पुढचं गिऱ्हाईक मुद्दाम जुलैमध्ये बोलावलं. पावसातच.

कागदांत पाणीपट्टी भरल्याची पावती, नळजोडणी कुणाच्या नावावर आहे ते, पंपाचं वीजबिल आणि विहिरीचा हक्क बघा. भाऊबंदांची सामाईक विहीर असेल तर किती हिस्सा, पाणी भरायला कुठल्या वाटेने जायचं, पंप कुणाचा, उपशाचा खर्च कसा वाटायचा, हे सगळं खरेदीखतात लिहून घ्या. "आमच्यात ठरलेलं आहे" हे तुमच्यात ठरलेलं असतं, नव्या माणसाला त्यातलं काही माहीत नसतं. बाकीच्या हिस्सेदारांशी हे बोलणं घर दाखवायला काढण्याआधी उरका. आमचं याच एका गोष्टीवर चार महिने अडलं होतं.

ताब्याच्या दिवशी नव्या मालकाबरोबर मीटरचा आकडा दोघांनी मिळून बघा आणि फोटो काढा. मग त्यांना घराभोवती फिरवा: मुख्य व्हॉल्व्ह तुळशीवृंदावनाच्या मागे चिऱ्याखाली आहे, तो उलटा फिरतो, गेस्टरूमचा पाइप फरशीखालून जात नाही तर खिडकीच्या वरून जातो, पन्हळ गणपतीच्या आधी एकदा साफ करावी लागते. आमची वही आम्ही त्यांनाच दिली. त्यांच्या सासूबाईंनी ती घेतली, विहिरीच्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्या वर्साचा मेचा माप खंय असा?" ते आम्ही लिहायचं विसरलो होतो. दोर आणायला मी मागीलदारी गेलो.